घराबाहेर डायपर बदलताना बाळाखाली काय अंथरायचं? चार प्रकारच्या चटयांचं परीक्षण

बाळाला घेऊन बाहेर पडताना डायपर, वाईप्स, कपड्यांचा जादा जोड, दूध हे सगळं आठवणीनं भरलं जातं. बाळाला निजवायचं कशावर, हा प्रश्न मात्र गाडी सुटल्यावर, हॉटेलात ऑर्डर दिल्यावर किंवा कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाल्यावर उभा राहतो. मग ओढणी, शाल, कुणाचा तरी टॉवेल, नाहीतर वर्तमानपत्र. यातलं काहीच ओल अडवत नाही. बर्थ, खुर्ची किंवा सतरंजी भिजते आणि नंतर तिथे बसणाऱ्या माणसाला त्याची कल्पनाही नसते.

सार्वजनिक ठिकाणी डायपर बदलण्याच्या रीतीभातीचा विषय निघाला की बोलणं लाजेवर आणि वासावर येऊन थांबतं. आमच्या मते ही रीत चटईपासून सुरू होते. चटईला दोन कामं करायची असतात. जागेची घाण बाळापर्यंत येऊ द्यायची नाही आणि बाळाची घाण जागेवर सोडायची नाही. चांगली चटई सोबत असेल तर कुणाचं जेवणाचं टेबल वापरावं लागत नाही, कुणाची चादर मागावी लागत नाही, आणि उठताना जागा होती तशी मागे राहते.

म्हणून इथे चार प्रकार तपासले आहेत: जुनी रबर शीट, लोकरीसारख्या मऊ कापडाची ड्राय शीट, वापरून टाकायचं अंडरपॅड आणि घडीची फोमची चटई. ब्रँडची तुलना केलेली नाही, कारण एकाच प्रकारातल्या दोन ब्रँडमध्ये जेवढा फरक असतो त्याहून कितीतरी जास्त फरक दोन प्रकारांमध्ये असतो. कसोट्या चार: ओल आरपार जाते का, दोन मिनिटांत पुसून पुन्हा घडी घालता येते का, गुळगुळीत फरशीवर सरकते का आणि पिशवीत किती जागा खाते.

आधी घडीचा नियम

कुठलीही चटई घ्या, तिला एक बाजू बाळाची आणि एक बाजू जमिनीची असते. या दोन बाजू एकमेकींना कधी लागता कामा नयेत. बहुतेक घरांत चटईची गुंडाळी केली जाते. गुंडाळीत खालची बाजू वरच्या बाजूवर येते, म्हणजे रेल्वेच्या बर्थला लागलेला भाग पुढच्या वेळी बाळाच्या पाठीखाली. गुंडाळी करू नका. बाळाची बाजू आत ठेवून पुस्तक मिटल्यासारखी मधोमध घडी घाला, मग पुन्हा तशीच. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर बाळाच्या बाजूला एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे दोन टाके घाला. टाके कडेच्या पट्टीवरच घाला, मधल्या भागात नाही. सुईच्या भोकातून ओल जाते.

रबर शीट

मेडिकलच्या दुकानात मीटरवर कापून मिळते. बऱ्याच घरांत तिला अजूनही मेणकापड म्हणतात आणि दवाखान्यातल्या नर्स मॅकिंटॉश म्हणतात. मॅकिंटॉश हे नाव रबर चढवलेल्या कापडाचं पेटंट १८२३ मध्ये घेणाऱ्या चार्ल्स मॅकिंटॉश यांच्यावरून आलं आहे. एवढी जुनी वस्तू अजून टिकून आहे याचं कारण साधं आहे: हिच्यातून थेंबसुद्धा खाली जात नाही. मध्ये शिवण नाही, जोड नाही, थर सुटण्याची भीती नाही. साबणाच्या पाण्यानं धुतली आणि कोरड्या फडक्यानं पुसली की दोन मिनिटांत घडी घालता येते.

तोटेही तेवढेच ठळक आहेत. अंगाला गार लागते, उन्हाळ्यात पाठीला घाम आणते, म्हणून वर सुती दुपटं लागतंच. शू झाली की ती शोषली न जाता ओघळते आणि थेट बाळाच्या पाठीखाली जमते. त्यामुळे दुपटं दुहेरी घ्यावं. घडीत बंद राहिली की रबर रबराला चिकटतं आणि उघडताना वरचा थर सोलून निघतो. ठेवताना मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा घाला. दोरीवर कडक उन्हात वाळवू नका, भेगा पडतात. वजनाला जड असल्यानं कडेवर बाळ आणि खांद्यावर पिशवी असा प्रवास असेल तर नको वाटते. गावाला आठ-दहा दिवस मुक्काम आहे, जमिनीवर पथाऱ्या पडणार आहेत, तिथे मात्र हिच्याइतकं खात्रीचं काही नाही.

ड्राय शीट

बारशाच्या आहेरात हमखास येणारी ही शीट. वर मऊ, लोकरीसारखं कापड आणि खाली ओल अडवणारा पातळ थर. लहान साधारण ५० बाय ७० सेंटीमीटर, मधली ७० बाय १०० आणि मोठी १०० बाय १४०. बाळाला आवडते, दुपटं लागत नाही, घडी हलकी होते. घरच्या गादीसाठी उत्तम.

बाहेर मात्र हिची अडचण एकच आणि ती मोठी आहे: ही पुसून स्वच्छ होत नाही. शी लागली की ती कापडाच्या केसांत शिरते आणि वाईपनं पुसताना आणखी पसरते. शू शोषली जाते हे खरं, पण मग ओली शीट घेऊन पुढचे सहा तास हिंडायचं. पंख्याखाली वाळायलाही पावसाळ्यात पूर्ण दिवस जातो. फरशीवरची धूळ, केस, चिवड्याचे कण सगळं हिला चिकटतं. बाहेर नेणारच असाल तर लहान मापाच्या दोन न्या आणि ओलीसाठी वेगळी चेनची पिशवी ठेवा.

नवी शीट वापरण्याआधी एकदा पाण्यातून काढावी, नाहीतर पहिली शू वरून घरंगळते. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य हिला कधीही लावू नये, शोषण्याची ताकद कमी होते. पिळू नये आणि इस्त्री करू नये, कारण खालचा थर कापडापासून सुटतो. सुटलेला थर ओळखायला सोपा आहे: शीट हलवली की खालून पापडासारखा चुरचुर आवाज येतो. अशी शीट बाहेर नेऊ नका.

अंडरपॅड

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी मिळणारं हे पॅड आता बाळांच्या मापातही येतं. मोठं साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर, लहान ४५ बाय ६०. वर न विणलेलं कापड, मध्ये डायपरमध्ये असते तशीच शोषणारी भुकटी आणि लगदा, खाली प्लास्टिक. वापरलं, गुंडाळलं, टाकलं.

रोज वापरावं असं हे नाही. प्रत्येक वेळी पैसे जातात आणि प्रत्येक वेळी कचरा दुप्पट होतो. पण तीन प्रसंगी याला पर्याय नाही. बाळाचं पोट बिघडलेलं असताना, विमानात, आणि अतिशय घाण जागी, जिथून चटई परत पिशवीत घालायचीच इच्छा होणार नाही. डायपरच्या पिशवीत तळाशी दोन अंडरपॅड सपाट घालून ठेवा. फोमच्या चटईवर अंथरलं तर चटई कोरडी राहते, आणि पॅडवर फक्त पाठ टेकली असेल, ओल लागली नसेल, तर तेच पॅड त्याच प्रवासात पुन्हा चालतं.

घडीची फोमची चटई

उघडली की साधारण ६० सेंटीमीटर लांब, मिटली की हातातल्या पर्सएवढी. वर पुसता येण्याजोगं लेप दिलेलं कापड, आत पातळ फोम, बाहेर दोन खण: एकात दोन डायपर, दुसऱ्यात वाईप्सचं पाकीट. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हातानं झटक्यात उघडते, हा हिचा सर्वांत मोठा गुण.

विकत घेताना मधला भाग बघा. शोभेसाठी चौकटी-चौकटीची शिवण घातलेली चटई घेऊ नका. प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. शू त्यातून फोममध्ये जाते, वर काही दिसत नाही आणि चार दिवसांनी चटईला आंबूस वास सुटतो. तो वास धुऊन जात नाही, कारण फोम आतून वाळतच नाही. शिवण फक्त कडेला असावी, किंवा कडा उष्णतेनं चिकटवलेल्या असाव्यात. घडी मोडते त्या रेषेवर नख फिरवून बघा. लेप तिथे आधीच पांढुरका दिसत असेल तर तो लवकर भेगाळणार.

दुसरा दोष, सरकण्याचा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा मॉलमधल्या प्लास्टिकच्या टेबलावर ही चटई बाळासकट घसरते. खालची बाजू खरखरीत असेल तीच घ्या. घरात आधीच गुळगुळीत तळाची असेल तर कपाटाच्या फळीवर अंथरतात त्या जाळीदार रबरी कापडाचा वीतभर तुकडा खाली घाला.

एसी डब्यात चटई गार पडते आणि पाठ टेकताच बाळ दचकून रडतं. वर सुती दुपट्याची एक घडी टाकली की हा प्रश्न मिटतो. पुसायला सॅनिटायझर वापरू नका, लेप कोरडा पडून सोलायला लागतो. साधा वाईप, मग कोरडं फडकं.

आमचा कौल: रोजच्या पिशवीत फोमची चटई, तिच्या खणात एक सुती दुपटं आणि तळाशी दोन अंडरपॅड. ड्राय शीट घरी आणि मोटारीत. रबर शीट लांबच्या मुक्कामाला.

चटईवर निजवण्याआधी आणि नंतर

बाहेरचा वेळ वाया जातो तो बाळ उघडं पडल्यावर वस्तू शोधण्यात. आधी सगळं हाताशी मांडा. नवा डायपर उघडून, चार-पाच वाईप्स पाकिटातून ओढून, क्रीमचं झाकण सैल करून, कचऱ्याची पिशवी तोंड उघडं करून. मग बाळ. असं केलं तर शूचा डायपर दीड-दोन मिनिटांत आणि शीचा चार-पाच मिनिटांत होतो.

चिकटपट्टीचा डायपर असेल तर नवा डायपर जुन्याच्या खाली आधीच सरकवा. जुन्याच्या पट्ट्या सोडून त्या स्वतःवरच दुमडा, नाहीतर मांडीला चिकटतात. जुन्या डायपरच्या पुढच्या कोरड्या भागानं बरीचशी शी खाली ओढून घ्या, मग वाईप. मुलगी असेल तर नेहमी पुढून मागे. मुलगा असेल तर डायपर उघडताक्षणी वर एक रुमाल टाका. गार हवा लागली की शू उडते आणि चटईच्या बाहेर जाते. नुकतंच दूध प्यायलेल्या तान्ह्या बाळाचे दोन्ही पाय धरून कंबर उंच उचलू नका, दूध वर येतं. कुशीवर वळवून पुसा. नाळ गळायची असेल तर डायपरची वरची कड बेंबीच्या खाली दुमडा. शेवटी कंबरेत दोन बोटं जातील एवढी सैल पट्टी आणि मांडीच्या झालरी बाहेर काढलेल्या. झालर आत दुमडलेली राहिली तर पुढची गळती तिथूनच होणार.

आपल्याकडे पँट डायपरच जास्त वापरले जातात. उभं राहता येणाऱ्या बाळाचा शूचा पँट डायपर उभ्यानंच बदला. दोन्ही बाजूंची शिवण फाडून खाली सोडा, नवा पायांतून वर. चटईची गरज फक्त पावलांखाली. शीचा मात्र उभ्यानं बदलू नका, सगळं पायांवरून ओघळतं. आणि पँट डायपर घालायचा तर चड्डी, मोजे, कधी बूटही काढावे लागतात. म्हणून तान्ह्या आणि रांगत्या बाळासाठी प्रवासात पट्टीचाच डायपर सोयीचा.

रेल्वेत

चारही प्रकारांची खरी परीक्षा इथेच होते. टॉयलेटमध्ये बाळाला निजवण्याजोगी कोरडी जागा सहसा नसते आणि दाराजवळच्या मोकळ्या जागेत बाळ घेऊन बसणं धोक्याचं. उरतो बर्थ. दिवसा खालचा बर्थ तिघांचा असतो, तो आपला आहे असं धरून चालू नका. "बाळाचं बदलायचंय, दोन मिनिटं सरकता का?" एवढं विचारलं की बहुतेक माणसं उठूनच उभी राहतात. समोरचे डबा उघडून जेवायला बसले असतील तर त्यांचं होईपर्यंत थांबा. शूचा डायपर वीस मिनिटांनी बदलला तर काही बिघडत नाही. शी असेल तर थांबू नका, त्वचा लगेच लाल होते. त्यांना सांगून बाजूच्या खणात जागा मागा.

बाळाचं डोकं खिडकीकडे, पाय वाटेकडे, आणि तुम्ही वाटेकडे पाठ करून. तुमची पाठ हाच पडदा होतो. साइड बर्थवर हे जमत नाही, तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण अगदी जवळून जातो. रात्री १० ते सकाळी ६ मधला बर्थ उघडलेला असतो आणि खाली पाठ सरळ करता येत नाही, म्हणून झोपेआधीचा डायपर साडेनऊलाच बदलून घ्या.

वापरलेला डायपर टॉयलेटच्या भांड्यात कधीही टाकू नका. डब्याखाली जैव-शौचालयाची टाकी असते, तिच्यातले जिवाणू मैला कुजवतात, प्लास्टिक आणि डायपर नाही. त्यात डायपरमधली भुकटी पाणी पिऊन फुगते आणि तोंडच बंद करते. मग पुढचा सगळा प्रवास साऱ्या डब्याला ते टॉयलेट वापरता येत नाही. वॉश बेसिनजवळच्या कचरापेटीत, गुंडाळून. पेटी भरून वाहत असेल तर स्टेशन येईपर्यंत आपल्याच पिशवीत. सीटखाली ढकलून किंवा खिडकीच्या गजाला लटकवून ठेवू नका.

लोकलमध्ये प्रयत्नच करू नये. उतरून फलाटावरचा बाक गाठावा.

एसटी स्टँड आणि हिरकणी कक्ष

रायगडाचा अवघड कडा रात्री उतरून तान्ह्या बाळाकडे धावलेल्या हिरकणीचं नाव या खोल्यांना दिलं आहे. मूळ हेतू स्तनपानाचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आमदार सरोज अहिरे आपल्या तान्ह्या बाळाला घेऊन आल्या, तेव्हा अशा खोलीची गरज विधिमंडळातही चर्चेला आली. वारीच्या वाटेवरही आता असे कक्ष उभारले जातात.

सोय म्हणून गुण द्यायचे तर आडोशाला पूर्ण गुण. पण डायपर बदलायला आडोशाइतकंच टेबल, पाणी आणि झाकणाची कचरापेटी लागते, आणि स्तनपानासाठी आखलेल्या खोलीत बहुधा फक्त खुर्च्या किंवा बाक असतो. अशा ठिकाणी फोमची चटई बाकावर लांबीच्या दिशेनं घाला आणि स्वतः बाकावर आडवं पाय टाकून बसा, म्हणजे बाळ तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये राहतं. आत जाण्याआधी दार वाजवा. आत कुणी दूध पाजत असेल तर आधी विचारा, आणि शीचा डायपर असेल तर थांबण्यापेक्षा दुसरा आडोसा बघा. वापरलेला डायपर खोलीत सोडून जाऊ नका. बंद खोलीत वास कोंडतो आणि नंतर येणारी आई तिथेच बाळाला पाजायला बसणार असते.

बाबा एकटाच बाळाला घेऊन निघाला असेल तर या खोलीत त्याला जाता येत नाही आणि जाऊही नये. त्यानं वाहतूक नियंत्रकाला विचारून एखादा कोपरा मागावा. नाहीतर फलाटाच्या टोकाचा बाक. या बाबतीत परदेशातली मराठी घरं सुदैवी आहेत. अमेरिकेत २०१६ च्या कायद्यानं केंद्र सरकारच्या लोकांसाठी खुल्या इमारतींत पुरुषांच्या स्वच्छतागृहातही डायपर बदलण्याचं टेबल ठेवणं बंधनकारक केलं. आपल्याकडे मॉलमध्ये ते बायकांच्या बाजूला आहे की वेगळ्या खोलीत, हे आधी सुरक्षारक्षकाला विचारून मग मजला चढावा.

भिंतीवरचं घडीचं टेबल

मॉलमध्ये, विमानतळावर भिंतीतून खाली ओढायचं प्लास्टिकचं टेबल असतं. बाळाला ठेवण्याआधी रिकाम्या टेबलावर दोन्ही तळहात टेकून दाबून बघा. बिजागरी सैल असेल तर ते पुढे झुकतं, मग वापरू नका. वजनाची मर्यादा त्यावरच लिहिलेली असते. पट्टा लावा आणि तरीही एक हात बाळाच्या पोटावर ठेवा. टेबलाच्या हुकाला जड पिशवी अडकवू नका. आधी वाईपनं पुसा, मग आपली चटई, काम झालं की पुन्हा पुसा आणि टेबल मिटवा. उघडं राहिलेलं टेबल अरुंद जागेत पुढच्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर नसलं तरी लहान मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असतं.

विमानात असं टेबल काही टॉयलेटमध्येच असतं. कुठल्या, ते कर्मचाऱ्यांना विचारा. ते अरुंद असतं, तिथे फोमची चटई पुरी उघडत नाही. लहान अंडरपॅड बरोबर बसतं. सीटवर किंवा जेवणाच्या ट्रेवर कधीही बदलू नका. वापरलेला डायपर कर्मचाऱ्यांच्या हातात देऊ नका, त्याच हातांनी ते जेवण वाढतात. टॉयलेटमधल्या झडपेच्या कचरापेटीत तो टाका.

हॉटेल, कार्यालय, देऊळ

खाण्याच्या टेबलावर डायपर बदलायचा नाही, चटई असली तरी नाही. शेजारच्या खुर्चीवरही नाही. ही नाजूकपणाची बाब नाही. जुलाब करणारे विषाणू शीतून हातावर, हातावरून टेबलावर जातात आणि टेबलावर टिकून राहतात. तोंडावाटे द्यायची रोटाव्हायरसची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते. त्या लसीतला विषाणूही पुढचे काही दिवस शीतून बाहेर पडतो. म्हणून डोसानंतरच्या दिवसांत हात धुण्याला जास्त जपा. सॅनिटायझर दिसणारी घाण काढत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, नखांच्या कडांसकट.

हॉटेलात मॅनेजरला शांतपणे विचारा. कोपऱ्यातलं रिकामं केबिन किंवा मागची खोली सहसा मिळते. डायपर त्यांच्या टेबलाजवळच्या टोपलीत टाकू नका, बाहेर घेऊन जा.

मंगल कार्यालयात वधूपक्षाच्या खोलीत पैठण्या, दागिने, आहेर पसरलेले असतात. तिथे ड्राय शीटवर भागत नाही. बाथरूमबाहेरची कोरडी जागा आणि रबर किंवा फोमची चटई. देवळात रांगेला लागण्याआधीच डायपर बदला. पंढरपूर, शिर्डीसारख्या ठिकाणी एकदा रांगेत शिरल्यावर तासन्‌तास बाहेर पडता येत नाही.

मोटार असेल तर सगळं सोपं. हॅचबॅकच्या डिकीची जमीन कंबरेच्या उंचीला येते. आतलं सामान एका बाजूला, चटई आडवी. हँडब्रेक ओढलेला, गाडी सावलीत. मागची सीट पाठीकडे उतरती असते, बाळ घरंगळतं, म्हणून उतारावर टॉवेलची गुंडाळी घाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यासाठी कडेला थांबू नका, फूड मॉल येऊ द्या. गोव्याच्या किनाऱ्यावर आधी कोरड्या कापडानं वाळू पूर्ण झटका, मग क्रीम. क्रीममध्ये अडकलेली वाळू मांडीला घासून दिवसभर त्रास देते.

वापरलेल्या डायपरचं काय

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच हे स्पष्ट केलं होतं: वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड उत्पादकानं दिलेल्या पिशवीत किंवा योग्य वेष्टनात नीट गुंडाळून द्यायचे, ओल्या कचऱ्यात मिसळायचे नाहीत. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची पद्धत रुजवायचा प्रयत्न केला, कारण कचरा हातानं वेगळा करणाऱ्या बाईला पुडी न उघडताच आत काय आहे ते कळावं. प्रवासातही ही पद्धत पाळा. पिशवीत लाल स्केचपेन ठेवायला जागा लागत नाही.

जवळ कमोड असेल तर घट्ट शी आधी त्यात झटका. मग डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळा, पट्ट्यांनी बांधा. पँट डायपरच्या पाठीवर यासाठीच एक चिकटपट्टी असते. वाईप्स त्याच्याच आत. त्यावर वर्तमानपत्राची अर्धी घडी, त्यावर पिशवी. ब्रेडची रिकामी पिशवी मापाला अगदी बरोबर बसते आणि गाठही नीट बसते. जाळू नका. प्लास्टिकचा धूर बाळालाही लागतो आणि शेजाऱ्यांनाही.

बाळाच्या अंगाचा आडोसाही रीतीतच येतो. चालत्या-बोलत्या मुलाला चारचौघांत उघडं करू नका, दुपट्यानं कंबर झाका. कुणाचा मोबाईल फोटोसाठी वर असेल तर थांबायला सांगा. आणि आपण बघे असू तर नाक मुरडायचं नाही. पाणी ओतून द्यायचं, पिशवी धरायची किंवा नुसतं दुसरीकडे बघायचं.

घरी आल्यावर चटई त्याच रात्री साबणाच्या पाण्यानं पुसून दाराच्या मागे उघडी टांगा, घडी घालून पिशवीत ठेवू नका. महिन्यातून एकदा ती दिव्यासमोर धरा आणि शिवणीवर वरून चमचाभर पाणी ओतून पाच मिनिटांनी खालून हात फिरवा. हात ओला झाला तर ती चटई आता घरच्या खेळण्याखाली, आणि प्रवासाला दुसरी.